फलक ते पडदा : तातडीच्या रुग्णसेवेतील संवादाचा ऐतिहासिक आढावा (परतूर तालुक्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना

शासकीय रुग्णालयाच्या अपघात विभागाबाहेर थांबलेल्या माणसाला दोन गोष्टी हव्या असतात. एक म्हणजे उपचार आणि दुसरी म्हणजे बातमी. आत नेलेल्या आपल्या माणसाचे काय चालले आहे, डॉक्टर केव्हा तपासतील, मागून आलेल्या रुग्णाला आधी का घेतले, येथे उपचार होणार की पुढे पाठविणार, या प्रश्नांची उत्तरे त्याला वेळेवर हवी असतात. रुग्णालयांच्या इतिहासात इमारती, खाटा, औषधे आणि शस्त्रक्रिया यांची नोंद विपुल आढळते. बातमीची नोंद त्या मानाने दुर्लक्षित राहिली आहे. अलीकडे अनेक रुग्णालयांच्या प्रतीक्षागृहांत डिजिटल पडदे बसविले जात आहेत आणि त्यांमुळे रुग्णसंवाद सुधारेल, अशी अपेक्षा बाळगली जात आहे. ही अपेक्षा कितपत सार्थ आहे, हे ठरविण्यासाठी पडद्यापूर्वीच्या संवादाचा इतिहास तपासणे आवश्यक ठरते.

व्याप्ती व मांडणी

प्रस्तुत निबंधात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आजपर्यंतच्या काही निवडक घटनांच्या आधारे रुग्णालय आणि जनता यांच्यातील माहितीच्या देवाणघेवाणीचा विचार केला आहे. जालना जिल्ह्यातील परतूर तालुका हा या विचाराचा संदर्भबिंदू आहे. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील हे तालुक्याचे ठिकाण निजामाच्या राजवटीत होते. पुढे ते परभणी जिल्ह्यात राहिले आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्ह्याची निर्मिती झाली तेव्हा नव्या जिल्ह्यात आले. येथील गंभीर रुग्णाची वाट सामान्यतः ग्रामीण रुग्णालय, जालन्याचे जिल्हा रुग्णालय आणि तेथून छत्रपती संभाजीनगर येथील 'घाटी' अशी जाते. घाटी या नावाने ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ मध्ये सुरू झाले. जालन्यातही २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्याने ही वाट पुढे काहीशी आखूड होण्याची शक्यता आहे. तथापि वाट लांब असो वा आखूड, तिच्यावर रुग्णाबरोबर माहिती प्रवास करते की नाही, हा या निबंधाचा मुख्य प्रश्न आहे.

बातमी न मिळण्याचे परिणाम : १८९६

१८९६ च्या उत्तरार्धात मुंबईत प्लेगची साथ सुरू झाली. संशयित रुग्णांना घरातून उचलून रुग्णालयात नेण्याचे धोरण सरकारने अवलंबिले. आत गेलेल्या माणसाची खबर बाहेर येण्याची कोणतीही खात्रीशीर व्यवस्था नव्हती. नातेवाईक दाराबाहेर राहत आणि अनेकदा त्यांच्या हाती केवळ मृत्यूची वार्ता येई. या पोकळीत अफवा वाढल्या. रुग्णालयात माणसे मारून त्यांच्या शरीरातून 'मोमियाई' काढली जाते, ही त्यांपैकी एक होती. २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांच्या जमावाने ऑर्थर रोड येथील साथीच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुढे १८९७ मध्ये साथीच्या रोगांचा कायदा आला, पुण्यात लष्कराच्या साहाय्याने घरझडत्या झाल्या आणि त्यातून उसळलेल्या असंतोषाची परिणती रँड यांच्या हत्येत झाली.

या घटनांचे राजकीय अर्थ इतिहासकारांनी सविस्तर मांडले आहेत. रुग्णसंवादाच्या दृष्टीने त्यांतील एक बाब विशेष महत्त्वाची आहे. सक्तीचे धोरण सैल होऊन जातीजमातींना स्वतःची प्लेग रुग्णालये चालविण्यास वाव मिळाला, तेव्हा रुग्णालयांविषयीचा विरोध काही प्रमाणात निवळला. लोकमान्य टिळकांनी पुण्यात १८९७ मध्ये हिंदू प्लेग रुग्णालय काढले, तेही याच काळात. या रुग्णालयांपाशी प्लेगवर काही वेगळे औषध होते असे नाही. तेथे ओळखीची माणसे होती, आपली भाषा होती आणि आतली खबर बाहेर येत होती. रुग्णालयावरील विश्वास हा बऱ्याच अंशी मिळणाऱ्या बातमीवर उभा असतो, हा धडा १८९६–९७ या दोन वर्षांनी दिला.

भाषेचा प्रश्न : निजाम राजवट ते राजभाषा

मुंबई इलाख्यात पाश्चात्त्य वैद्यक देशी भाषांतून शिकविण्याचा प्रयत्न तुलनेने लवकर झाला. १८४५ मध्ये स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात १८६० च्या दशकात मराठी व गुजराती माध्यमांचे वर्ग चालत. दुय्यम दर्जाचे वैद्यकीय कर्मचारी तयार करणे हा त्यांचा हेतू होता. मात्र रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलू शकणारा माणूस दवाखान्यात असणे, हे त्याचे एक उपयुक्त फलित होते.

मराठवाड्याची स्थिती वेगळी होती. हैदराबाद संस्थानात १८८० च्या दशकात कारभारातील फारसीची जागा उर्दूने घेतली आणि १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत उर्दू हीच राज्यकारभाराची भाषा राहिली. परतूरसारख्या ठिकाणच्या मराठी शेतकऱ्याला कचेरी, कोर्ट आणि सरकारी दवाखाना या तिन्ही ठिकाणी लिहिलेला शब्द परकाच होता. १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६४ च्या महाराष्ट्र राजभाषा अधिनियमाने मराठीला राज्यकारभारात स्थान दिले. त्यानंतर शासकीय रुग्णालयांतील पाट्या मराठीत झाल्या, हा मोठाच बदल होता.

परंतु पाटीवरची मराठी आणि रुग्णाच्या तोंडची मराठी यांत अंतर राहिले. पाटीवर 'बाह्यरुग्ण विभाग' असते आणि लोक 'ओपीडी' विचारतात. पाटीवर 'क्ष-किरण कक्ष' असतो आणि लोक 'एक्स-रे कुठं काढतात' असे विचारतात. 'आपत्कालीन' या शब्दापेक्षा 'सीरियस पेशंट' हा शब्दप्रयोग खेड्यातील माणसाला अधिक जवळचा आहे. तालुक्यातील तांड्यांवर बंजारा बोली बोलली जाते आणि अनेक घरांत दखनी उर्दू चालते. शुद्ध शासकीय मराठीतील पाटी या सर्वांपर्यंत सारखीच पोहोचते, असे गृहीत धरणे चुकीचे ठरेल. राजभाषेने लिपीचा प्रश्न सोडविला, बोलीचा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

हक्कांचे फलक

स्वातंत्र्योत्तर काळात दवाखान्यातील फलक प्रामुख्याने आदेश देणारे होते. शांतता राखा, आत येऊ नका, भेटण्याची वेळ, शुल्काचे दर, अशा स्वरूपाचा मजकूर त्यांवर असे. रुग्णाला हक्क आहेत आणि ते त्याला कळले पाहिजेत, ही कल्पना न्यायालयीन निर्णयांतून बळकट झाली. परमानंद कटारा विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये, जखमी माणसाचा जीव वाचविणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य असून पोलिसी सोपस्कारांसाठी उपचार थांबविता येणार नाहीत, असे स्पष्ट केले. या निकालाची दूरदर्शन व आकाशवाणीवरून पुरेशी प्रसिद्धी करावी, असेही न्यायालयाने सांगितले. लोकांना ठाऊक नसलेला हक्क वापरला जात नाही, ही जाणीव त्यामागे होती.

महाराष्ट्रात २००५ च्या बदल्या व विलंबविषयक अधिनियमाने शासकीय कार्यालयांना नागरिकांची सनद बंधनकारक केली. त्याच वर्षी माहितीचा अधिकार कायदा आला आणि राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानही सुरू झाले. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये रुग्णहक्कांची सनद तयार केली. जानेवारी २०२१ मधील सुधारित नियमांनी महाराष्ट्रातील खासगी शुश्रूषागृहांना रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावणे आवश्यक केले.

या मालिकेत एक प्रयोग वेगळा उठून दिसतो. ग्रामीण आरोग्य अभियानांतर्गत २००७ पासून महाराष्ट्रातील अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे व ठाणे या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेखीचा कार्यक्रम सुरू झाला. गावकऱ्यांनी आरोग्यसेवेचे मूल्यमापन करून हिरवा, पिवळा व लाल या तीन रंगांत प्रगतिपत्रक तयार करावयाचे आणि जनसुनवाईत त्यावर उत्तरे मागावयाची, अशी त्याची पद्धत होती. येथे माहितीची दिशा उलटी झाली. एरवी संस्था लोकांना सांगत असे, येथे लोक संस्थेला सांगू लागले. शिवाय निरक्षर व्यक्तीलाही रंगावरून अर्थ कळत होता. पडद्याचा आराखडा करणाऱ्यांनी मराठवाड्याच्याच एका जिल्ह्यातील या अनुभवाकडे आवर्जून पाहावे, असे त्याचे महत्त्व आहे.

रांगेचा न्याय आणि तातडीचा न्याय

तातडीच्या विभागातील संवाद इतर विभागांहून अवघड का असतो, याचे उत्तर रांगेच्या कल्पनेत सापडते. रेशन दुकान, बँक, एस.टी.चे आरक्षण या सर्व ठिकाणी सामान्य माणसाने न्यायाचा एकच अर्थ अनुभवला आहे. आधी येईल त्याचा नंबर आधी. मधेच घुसणारा तो वशिल्याचा. तातडीच्या विभागात हा नियम मुद्दाम मोडावा लागतो. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लॅरी यांनी हुद्दा न पाहता जखमेच्या गांभीर्यानुसार उपचाराचा क्रम ठरविण्याचा पायंडा पाडला. आज जगभर रुग्णांची लाल, पिवळा व हिरवा अशी वर्गवारी त्याच तत्त्वावर केली जाते. भारतात तातडीचे वैद्यक ही स्वतंत्र शाखा म्हणून २००९ मध्ये मान्यता पावली.

डॉक्टर या दुसऱ्या न्यायाने वागतात आणि बाहेर बसलेले लोक पहिल्या न्यायाने त्याकडे पाहतात. हात मोडलेल्या मुलाला घेऊन दोन तास बसलेल्या बापाला मागून आलेला छातीत कळ येणारा रुग्ण आधी आत गेलेला दिसतो, तेव्हा त्याला वैद्यकीय निकड दिसत नाही. त्याला ओळखपाळख दिसते. दोन न्यायांमधील हा फरक कोणीतरी वेळेवर सांगितला नाही, तर संतापाला निमित्त मिळते. महाराष्ट्रात या संतापाने गंभीर रूप घेतले आहे. वैद्यकीय कर्मचारी व संस्था यांच्यावरील हल्ल्यांना आळा घालण्यासाठी राज्याने २०१० मध्ये कायदा केला आणि तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद केली. तरीही मार्च २०१७ मध्ये धुळे येथे निवासी डॉक्टरवर हल्ला झाला, राज्यभरातील निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले आणि रुग्णसेवा विस्कळीत झाली. त्यानंतर सुरक्षारक्षक वाढविणे व नातेवाइकांची संख्या मर्यादित करणे यांवर भर देण्यात आला. हे उपाय आवश्यक असतीलही, पण बाहेरच्या माणसाला काय कळले पाहिजे, हा प्रश्न त्यांत मागे पडला.

या प्रश्नाला ब्रिटनमध्ये थेट हात घालण्यात आला. तेथील डिझाइन कौन्सिलने २०११ मध्ये तातडीच्या विभागातील हिंसा कमी करण्यासाठी एक प्रकल्प हाती घेतला. पिअर्सनलॉइड या आरेखन संस्थेने केलेल्या रचनेत प्रत्येक टप्प्यावर रुग्ण सध्या कोठे आहे, पुढे काय होईल आणि थांबावे का लागते, हे सांगणारे फलक होते. त्यांच्या जोडीला विभागातील चालू स्थिती दाखविणारे डिजिटल पडदे आणि कर्मचाऱ्यांसाठी स्वतंत्र उपक्रमही होता. लंडनचे सेंट जॉर्जेस आणि साउदॅम्प्टनचे जनरल हॉस्पिटल येथे प्रयोग झाला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मूल्यमापनानुसार ७५ टक्के रुग्णांनी या फलकांमुळे थांबण्याचा त्रास कमी वाटल्याचे सांगितले आणि धमकावणीच्या वर्तनात ५० टक्के घट आढळली. खर्च झालेल्या प्रत्येक पौंडामागे तीन पौंडांचा लाभ झाल्याचाही निष्कर्ष निघाला. येथे प्रतीक्षा कमी करण्यावर भर नव्हता. प्रतीक्षेचे कारण सांगितले गेले, हे या प्रयोगाचे मर्म आहे.

पडदा आणि परतूर

भारतातील रुग्णालयांत दिसणारा पडदा बहुधा टोकन क्रमांकाचा असतो. आयुष्मान भारत डिजिटल मिशनने ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेल्या 'स्कॅन अँड शेअर' सुविधेत रुग्ण मोबाइलवरून नोंदणी करतो आणि त्याला टोकन मिळते. बाह्यरुग्ण विभागात हे उपयुक्त आहे, कारण तेथे रांगेचा न्याय चालतो. हाच पडदा जसाच्या तसा तातडीच्या विभागात नेल्यास हानी संभवते. तेथे २७ नंतर २८ क्रमांक येईलच असे नाही, आणि ३१ क्रमांक आधी आत गेल्याचे मोठ्या अक्षरांत झळकले, तर पडदा स्वतःच अन्यायाचा पुरावा ठरतो. तातडीच्या विभागातील पडद्याने क्रमांकापेक्षा क्रमाचे तत्त्व सांगणे अगत्याचे आहे. किती लाल रुग्ण आत आहेत, त्यामुळे हिरव्या रुग्णांना अंदाजे किती वेळ थांबावे लागेल आणि थांबताना त्रास वाढला तर कोणाला सांगावे, एवढे कळले तरी पुष्कळ होईल.

परतूरसारख्या तालुक्यात आणखी तीन मर्यादा विचारात घ्याव्या लागतात. पहिली साक्षरतेची. २०११ च्या जनगणनेनुसार जालना जिल्ह्याची साक्षरता सुमारे ७१.५ टक्के होती आणि स्त्रियांची सुमारे ६१ टक्के. रुग्णाबरोबर येणारी आई, सासू किंवा आजी पडदा वाचू शकेलच असे नाही. त्यामुळे रंग, चित्र आणि बोलका आवाज यांची जोड अपरिहार्य ठरते. लोहमार्गावरच्या गावाला हे नवीन नाही. स्थानकावर पाटी असली तरी गाडीची घोषणा तोंडी होते आणि न वाचणारा प्रवासीही योग्य गाडीत बसतो.

दुसरी मर्यादा गोपनीयतेची. महानगरात पडद्यावरचे नाव हे अनोळखी नाव असते. तालुक्याच्या गावी आडनावावरून वाडा आणि नावावरून घर ओळखले जाते. कीटकनाशक प्यालेला तरुण शेतकरी, घरात मार खाल्लेली सून किंवा गर्भपातानंतर रक्तस्राव होत असलेली मुलगी यांचे नाव भिंतीवर झळकणे म्हणजे उपचाराच्या दारातच त्यांना उघडे पाडणे होय. अशी माणसे पुढच्या वेळी दवाखान्याकडे वळणार नाहीत. म्हणून पडद्यावर नाव व आजार यांपैकी काहीही नसावे, केवळ नोंदणीचा क्रमांक असावा.

तिसरी मर्यादा सातत्याची. वीज गेली की पडदा काळा होतो. माहिती भरणारा कर्मचारी नसला की पडद्यावर कालचीच स्थिती राहते. काही दिवसांनी तेथे योजनांच्या जाहिराती फिरू लागल्या की लोक पडद्याकडे पाहणे सोडून देतात. यावर माणसाचाच आधार लागतो. राज्याच्या आरोग्य विमा योजनेत २०१२ पासून नेमले जाणारे आरोग्यमित्र आणि गावोगावच्या आशा कार्यकर्त्या यांच्या अनुभवावरून असे म्हणता येते की, लेखी माहितीला तोंडी दुवा मिळाला तरच ती गरजूंपर्यंत पोहोचते.

पुढील दवाखान्याची बातमी

परतूरच्या रुग्णासाठी सर्वांत निर्णायक माहिती मात्र परतूरच्या प्रतीक्षागृहातील नसते. ती पुढील दवाखान्यातील असते. याचे ऐतिहासिक उदाहरण पश्चिम बंगालमध्ये आहे. जुलै १९९२ मध्ये तेथील शेतमजूर संघटनेचा एक सदस्य रेल्वेतून पडून डोक्याला गंभीर जखमी झाला. त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रापासून कलकत्त्याच्या मोठ्या शासकीय रुग्णालयांपर्यंत फिरविण्यात आले. कोठे सोय नव्हती, कोठे खाट नव्हती. अखेरीस त्याला खासगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकरणी राज्याला भरपाई देण्यास सांगितले आणि तातडीचे उपचार नाकारणे हा जगण्याच्या हक्काचा भंग असल्याचे ठरविले. खाट जेथे उपलब्ध आहे तेथे रुग्णाला तत्काळ पाठविता यावे, यासाठी राज्य पातळीवर केंद्रीकृत संपर्कव्यवस्था असावी, असेही न्यायालयाने सुचविले.

महाराष्ट्रात या दिशेने पहिले ठळक पाऊल २०१४ मध्ये पडले. १०८ क्रमांकाची ९३७ रुग्णवाहिकांची सेवा सुरू झाली आणि वाहनाचा प्रश्न पुष्कळसा सुटला. खाटेच्या माहितीचा प्रश्न २०२० मध्ये कोविड साथीत ऐरणीवर आला. पुण्यात रुग्णालयनिहाय रिक्त खाटा संकेतस्थळावर दिसू लागल्या आणि मुंबईत प्रभागनिहाय नियंत्रण कक्ष उघडले. न्यायालयाने २४ वर्षांपूर्वी सुचविलेली व्यवस्था काही आठवड्यांत उभी राहू शकते, हे सिद्ध झाले. दुसऱ्या लाटेत पडद्यावर रिकामी दिसणारी खाट प्रत्यक्षात भरलेली असल्याच्या तक्रारीही पुष्कळ झाल्या. माहिती वेळोवेळी अद्ययावत करणारा जबाबदार माणूस नसेल, तर पडदा खोटे बोलतो, हाही त्या काळाचाच धडा आहे.

साप चावलेल्या मजुराला किंवा प्रसूतीत अडलेल्या बाईला परतूरहून हलविताना जालन्यात अतिदक्षता विभागातील खाट आहे काय, तेथे भूलतज्ज्ञ हजर आहे काय, रक्त उपलब्ध आहे काय, हे निघण्यापूर्वी कळणे म्हणजे एखादे वेळी जीव आणि मृत्यू यांतील अंतर होय. नातेवाइकांसमोरच्या पडद्याइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, असा पडदा ग्रामीण रुग्णालयातील डॉक्टरसमोर हवा. त्यावरील माहिती नातेवाइकांना तोंडी सांगितली गेली, तर 'रेफर' या शब्दाचा अर्थ 'हात झटकले' असा घेतला जाणार नाही.

निष्कर्ष

१. १८९६ च्या हल्ल्यापासून २०१७ च्या हल्ल्यापर्यंत रुग्णालयांवरील रोषामागे उपचारांच्या उणिवांबरोबरच बातमीचा अभाव हे एक कारण दिसते.

२. फलकाने प्रथम आदेश दिले आणि नंतर हक्क सांगितले. रुग्णाची चालू स्थिती सांगणे हे काम अद्याप अपुरे राहिले असून डिजिटल पडद्याचे खरे स्थान तेथे आहे.

३. तातडीच्या विभागात रांगेचा क्रमांक दाखविण्यापेक्षा निकडीनुसार क्रम का बदलतो, हे समजावून देणे अधिक महत्त्वाचे आहे.

४. तालुका पातळीवर रंग, चित्र, बोलीतील घोषणा, नावांची गोपनीयता आणि माहिती सांगणारा माणूस यांवाचून पडदा निरुपयोगी ठरेल. वीज नसेल तेव्हा खडू, फळा आणि त्यावर लिहिलेली वेळ यांनीही हे काम भागू शकते.

५. १९९६ च्या न्यायालयीन सूचनेनुसार पुढील रुग्णालयातील सोयींची माहिती ग्रामीण रुग्णालयास त्या क्षणी उपलब्ध करून देणे, ही मराठवाड्यातील रुग्णसंवादाची पहिली गरज आहे.

ऑर्थर रोडच्या फाटकाबाहेरील जमावाला आत काय चालले आहे, हे ठाऊक नव्हते. सव्वाशे वर्षांहून अधिक काळानंतर जालन्याच्या रस्त्यावर रुग्णवाहिकेत बसलेल्या नातेवाइकाला पुढे काय वाढून ठेवले आहे हे ठाऊक नसेल, तर साधने बदलली, पण संवाद तेथेच राहिला, असे म्हणावे लागेल.